वरचं मीठ

अडीच वर्षं माझ्या उशीच्या बरोबर नऊ फूट वर वितळलेल्या मिठाचं एक पिंप होतं, आणि तरीही मी रोज घोरत झोपत होतो. पिंपात मीठ किती होतं, तो आकडा मी दर वेळी सांगताना थोडा वाढतो, हे मला मान्य आहे. पण पिंप होतं, मीठ होतं आणि ते भजी तळायच्या तेलापेक्षा कडक होतं, यात माझी एका अक्षराची भर नाही.

नव्वद सालच्या आगेमागे पाटबंधारे खात्यानं माझी जळगावहून धुळ्याला बदली केली. तेव्हाचं धुळ्याचं ऊन म्हणजे काय विचारता! दुपारी बसस्टँडच्या छपराखाली कावळे माणसांना कोपरानं ढोसून म्हणायचे, "सरका जरा." अशा दुपारी मी खोल्या शोधत फिरत होतो. इतर घरमालक विचारत, मांसमच्छी खाता का, पाहुणे किती येतात. हे एकटेच असे भेटले, ज्यांनी दारातच विचारलं, "कपडे कुठं वाळवता?"

मी म्हटलं, "गच्चीवर."

"जमणार नाही. सावली पडते."

"कशावर?"

"उन्हावर," ते म्हणाले, आणि माझ्या अज्ञानाची कीव येऊन त्यांनी मला वरच्या मजल्याच्या दोन खोल्या देऊन टाकल्या. त्या खोल्यांच्या डोक्यावर काय आहे, ते किल्ली हातात पडल्यावर कळलं.

गल्ली त्यांना नाना म्हणायची. तंत्रशाळेत पोरांना कानस कशी धरायची ते पंचवीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. चेहरा तांबडा, नाकाचा शेंडा काळाभोर, आणि कपाळावर चढवलेला वेल्डिंगचा काळा चष्मा. हा चष्मा मंगलाष्टकांतही उतरत नसे. एकदा म्हणे त्यांनी अक्षता टाकता टाकता तो डोळ्यांवर ओढला आणि मांडवाच्या फटीतून सूर्य कुठवर आलाय ते बघून घेतलं. भटजींनीही घाईघाईनं घड्याळ बघितलं.

गच्चीवर त्यांचं यंत्र होतं. बारा फुटी पत्र्याची पन्हळ, आतून आरशाच्या पट्ट्या डकवलेल्या, आणि पन्हळीच्या मधोमध काळी लोखंडी नळी. पन्हळ सूर्याकडे वळवली की सगळं ऊन गोळा होऊन त्या एका नळीवर पडायचं. नळीत मीठ. ते तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि उतारानं वाहत विटा-राखेत गळ्यापर्यंत पुरलेल्या पिंपात जायचं. तिथून चामड्याचे हातमोजे घातलेले नाना लांब दांड्याच्या पळीनं ते पुन्हा वरच्या नरसाळ्यात ओतायचे. सकाळपासून चार वाजेपर्यंत हेच. मी विचारलं, "नाना, पंप का नाही बसवत?" तर म्हणाले, "बसवलाय. तोच तुमच्याशी बोलतोय."

"पण मीठच का? पाणी का नाही?"

हा प्रश्न विचारू नये, असं मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

"पाणी भित्रं!" नाना गरजले. "शंभरावर गेलं की वाफ होऊन पळालं. जिथून पाणी पळून जातं ना, तिथं आपलं मीठ अजून उठलेलंसुद्धा नसतं. दोनशेच्या पुढं डोळे उघडतं, आणि पाचशेपर्यंत पानावर बसल्यासारखं बसून राहतं. दिवसाचं ऊन त्याच्या पोटात भरून ठेवा, सूर्य गेल्यावर काढून घ्या. अहो, लोक लोणची घालतात, मी ऊन घालतो."

आणि खरंच काढून घ्यायचे. पिंपावर जाड लोखंडी तवा झाकण म्हणून बसवलेला होता. सकाळी त्यावर चहा व्हायचा आणि नाना कप पुढं करत सांगायचे, "कालचं ऊन आहे. जरा शिळं लागेल." आमच्या हिला सुरुवातीला तो चहा घशाखाली उतरेना. पुढं तीच मला सांगायला लागली, की परवाच्या उन्हाला तरतरी जास्त होती.

या यंत्राचा एकच शत्रू होता. संध्याकाळ व्हायच्या आत नळीतलं मीठ पिंपात उतरवून घेतलं नाही, तर ते नळीतच थिजून दगड व्हायचं. नाना त्याला 'मीठ बसलं' म्हणायचे, आणि ज्या दिवशी मीठ बसायचं त्या दिवशी घरात सुतक असायचं. नळी उतरवा, शेगडीवर फिरवा, एकेका विताचं मीठ मोकळं करा. गल्लीत नवीन माणूस आला, की नानांच्या गच्चीवरून येणारी "मीठ बसलं होऽऽ!" ही आरोळी ऐकून घाईघाईनं स्वतःच्या घरातली बरणी हलवून बघायचा.

आता एक खरी गोष्ट सांगतो. ते मीठ नव्हतं. म्हणजे खायचं नव्हतं. तो सोरा होता, दोन जातींचा, मिसळलेला. शेतीला खत म्हणून टाकतात तोच. आधी नानासुद्धा त्याला सोराच म्हणायचे. पण एकदा गल्लीतल्या कोणीतरी विचारलं, "सोरा कशाच्या कामाला येतो हो?" आणि शेजारच्या गृहस्थांनी ज्ञान दिलं, "दारू करतात त्याची." त्यांच्या मनात फटाक्यांची दारू होती. ऐकणाऱ्यांच्या मनात दुसरी. त्यात गच्चीवर पिंप, पिंपाला नळी, खाली धग, आणि मालक तांबड्या तोंडाचे! आठवड्याच्या आत दारूबंदी खात्याची दोन माणसं जिना चढून आली. त्यांनी पिंप हुंगलं, नळी हुंगली, शेवटी नानांना हुंगलं. तासाभरानं निघताना त्यांतला एक जण इतका निराश झाला होता, की मला त्याच्यासाठी वाईट वाटलं.

त्या दिवसापासून नानांनी घरात फर्मान काढलं. सोरा हा शब्द बंद. मीठ म्हणायचं. स्वयंपाकाचं ते खालचं मीठ; गच्चीवरचं, पिंपातलं आणि पिंपाशेजारच्या पोत्यातलं कोरडंही, ते वरचं मीठ. आणि सगळं घर तसंच बोलायला लागलं. "वरचं मीठ झाकलं का?" "वरच्या मिठाला ओला हात लावू नका." "वरचं मीठ संपत आलं, सांगून ठेवा." भाडेकरू म्हणून आम्हीही हेच बोलायचो. माझे मेहुणे एकदा जेवायला आले, तेव्हा मी बेसावधपणे म्हणून गेलो, की डॉक्टरांनी मला वरचं मीठ बंद करायला सांगितलंय. नाना खालून ओरडले, "त्या डॉक्टरला काय त्रास आहे आमच्या मिठाचा?"

या सगळ्या कारभारात नानांची मुलगी लग्नाची झाली होती. शाळेत मास्तरीण, शांत, बापावर अतोनात जीव. पण बापाच्या यंत्रानं तिची दोन स्थळं आधीच घालवली होती. पहिल्या वेळी मुलाचे काका कौतुकानं गच्चीवर चढले आणि पन्हळीपाशी वाकून बघायला लागले. त्यांच्या टोपीतून धूर निघाला. टोपी काढेपर्यंत तिला रुपयाएवढं भोक. दुसऱ्या पाहुण्यांनी कोपऱ्यावर पत्ता विचारला, तर पानवाला म्हणाला, "ते ऊन तळतात ते नाना ना? तिसरं घर." पाहुणे कोपऱ्यावरूनच परत गेले.

तिसरं स्थळ भडगावच्या बाजूचं. मुलगा तिच्याच बरोबर शिकलेला, तोही शिक्षक. म्हणजे हे स्थळ नानांनी शोधलेलं नव्हतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मुलाचा बाप केळीचा, तिकडच्या बोलीत 'केयी'चा, मोठा शेतकरी, शब्दाचा कडक. पोरगी आमच्या हिला म्हणाली होती, "वहिनी, हे गेलं ना, तर मी चौथं बघायला बसणार नाही. नानांना तुम्ही काहीतरी सांगा."

मी गेलो सांगायला. म्हटलं, "नाना, पाहुणे येतील त्या दिवशी यंत्रावर गोधडी टाका."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या आईवर गोधडी टाकायला सांगितली. "गोधडी? उलट त्याच तव्यावर भरीत करणार आहे. दिवस मावळल्यावर. पाहुण्यांना उन्हात भाजलेल्या वांग्याचं भरीत, अंधार पडल्यावर! जन्मात खाल्लं नसेल."

खानदेशात भरीत म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी. काड्यांशिवाय भरीत, हे इथं टोपी जाळण्यापेक्षा मोठं पाप. पण नानांपुढं बोलणार कोण!

दिवाळीनंतरची थंडी होती. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी पारोळ्याहून नानांची थोरली बहीण आली, तिला सगळे अक्का म्हणत. अक्का दोन दिवस घरात वावरली, आणि दोन दिवस तिच्या कानावर एकच पडत राहिलं. वरचं मीठ जपा. वरच्या मिठाला हात लावू नका. वरचं मीठ भारीचं आहे. अक्काच्या मनानं काय घेतलं असेल? तिनं आमच्या हिला जिन्यात गाठून डोळ्याला पदर लावला, "दख ना माय, बहीन इतला वर्सनी उनी, आनि भाऊ माले खालनं मीठ चारस! भारीनं मीठ वर लपाडी ठेयेल शे." आमची ही घाईत होती. तिला वाटलं, म्हातारी काहीतरी जुनं रडतेय. "हो हो, अक्का," म्हणून ती पुरणाकडे पळाली. तेव्हा ती दोन मिनिटं थांबली असती, तर ही गोष्ट मला सांगताच आली नसती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि गावचे दोघे वडीलधारे. वडिलांना सगळे आबा म्हणत होते. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, आणि नजर अशी, की माणसाच्या आरपार जाऊन पाठीमागच्या भिंतीचा रंग कोणता ते बघून यावी. नानांना ते 'नाना'च म्हणत होते, त्याच्या पुढं एक पाऊल नाही.

नानांनी चारलाच नळीतलं सगळं मीठ पिंपात उतरवून घेतलं होतं. सूर्य गेला, थंडी पडली. गच्चीवर ना धूर ना जाळ, आणि तव्यावर वांगी चुरचुरायला लागली. आबा वर येऊन शांतपणे बघत उभे होते. तव्याजवळ हात नेला आणि झटक्यात मागं घेतला. खाली येताना मात्र गावच्या एका माणसाला हळूच म्हणाले, "काडी नही, धूर नही. मानूस येडा शे, पन खोटा नही दिसत." मी जिन्यात मागंच होतो. मला वाटलं, जमलं!

पंगत बसली. भरीत असं झालं होतं, की शेजारच्या गल्लीतली माणसं जेवण झालेलं असूनही पुन्हा पानावर बसली असतील. आबांनी घास घेतला, मान डोलावली. दुसरा घेतला. आणि म्हणाले, "भरीत झकास शे. जरासं वरलं मीठ व्हई का?"

म्हणजे पानात वरून घ्यायला थोडं मीठ. महाराष्ट्रात रोज लाखो माणसं मागतात.

अक्का दारातच उभी होती. तिचं तोंड उजळलं. "काब्रं नही? आते लई येस!" आत्ता आणते म्हणत, गुडघ्यांची तक्रार विसरून ती जिना चढली. आम्हांला कोणाला काही कळायच्या आत वाटी घेऊन परत आलीसुद्धा, आणि तिनं आबांच्या पानात चिमूटभर वाढलं. भावानं बहिणीला दिलं नाही, ते बहिणीनं भावाच्या पाहुण्याला दिलं, या समाधानात.

आबांनी ते भरतात कालवलं, घास घेतला आणि थबकले.

"हाई मीठ गार कसं काय लागस?" त्यांनी जीभ फिरवली. "पेपरमिंटनी गोयी खादी असं लागस. झकास!"

नाना वाढत होते. त्यांचा हात हवेत थांबला. "अक्का, मीठ कुठून आणलंस?"

"वरथून," अक्का अभिमानानं म्हणाली.

नानांच्या नाकाचा शेंडा सोडून बाकी सगळा चेहरा पांढरा झाला. आता मी काय केलं तेही सांगतो, लपवत नाही. मी नानांचं धोतर खाली ओढलं आणि कुजबुजलो, "चिमूटभर आहे, नाना. त्यांना आवडलंय. दुसरं ताट द्या, हे पान हळूच उचला. बसा." दाराआडून आमची हीही डोळ्यांनी तेच सांगत होती. तिच्या दंडाला नानांच्या मुलीनं घट्ट धरलं होतं.

नानांनी एकदा त्या दाराकडे बघितलं. मग भरताचं पातेलं माझ्या मांडीवर ठेवून पंगत ओलांडली आणि आबांच्या पुढचं ताट दोन्ही हातांनी ओढून घेतलं.

"खाऊ नका. मीठ नाही ते. सोरा आहे. खत आहे!"

गावचा एक माणूस म्हणाला, "खत?" दुसऱ्यानं स्वतःच्या पानाकडे बघितलं आणि हात आखडून घेतला.

मग नाना जे सुटले ते थांबेनात. सोरा कसा वितळतो, त्याला मीठ का म्हणायचं, दारूसाठी झडती कशी झाली, कोणाच्या टोपीला कसं भोक पडलं, पानवाला काय म्हणाला, कोणी काही विचारलं नव्हतं तेसुद्धा सांगितलं. अक्का कपाळावर हात मारून रडत होती, "मी काय जानू वो माय!" तेव्हा नाना तिच्याकडे वळले. "तू रडू नकोस, अक्का. तुझी काही चूक नाही. सगळ्या घराला खोटा शब्द मी शिकवला. झडतीच्या भीतीनं. ताट आबांच्या पुढं त्या शब्दानं गेलंय." आणि आबांना हात जोडून म्हणाले, "लग्नाचं तुमचं तुम्ही बघा. आधी डॉक्टर."

समोरच राहणारे डॉक्टर हातात अर्धी पोळी घेऊन आले. किती खाल्लं ते विचारलं, राहिलेला घास बघितला, वाटीतला सोरा बोटावर घेतला, आबांची नाडी धरली. "चिमटीतला निम्मा पानातच आहे. घाबरू नका. पाणी प्या, भरपूर प्या. पूर्वी वैद्य लघवी साफ व्हायला हेच द्यायचे. आज परसात चार फेऱ्या जास्त होतील, एवढंच. तरी तासभर मी इथंच बसतो."

तो तास! मी पाटबंधारे खात्यात वर्षानुवर्षं फायली पुढं सरकण्याची वाट बघितलेला माणूस, पण त्या तासाइतका सावकाश सरकणारा कागद मी पाहिला नाही. आबा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते. नाना समोर उकिडवे बसून त्यांच्या घशाकडे बघत होते, जणू एकेक घोट मोजून वही भरायची आहे. मुलगा आतल्या दाराकडे बघत होता आणि दार त्याच्याकडे.

तास भरत आल्यावर आबा परसात जाऊन आले आणि म्हणाले, "खत कोनतं शे, माले दखाडा."

नानांनी ओंजळभर आणलं. आबांनी ते अंगठा आणि बोटांत चोळलं, दिव्याजवळ नेऊन चमक बघितली. शेतकऱ्यानं बियाणं बघावं तसं. आणि एकदम त्यांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं, चढला वाटतं सोरा! पण ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, हाई ते मी केयीले टाकस! मन्ही बठ्ठी केयी यानावर पोसायनी. केयीले काही व्हयनं नही, ते माले काय व्हई?"

गावचे दोघे हसले. डॉक्टर हसले. त्यांनी अर्धी पोळी तिथंच बसून संपवली आणि नाडी पुन्हा बघून "सुटलात" म्हणाले. ते कोणाला म्हणाले, ते अजूनही ठरलेलं नाही. अक्का पदरात तोंड खुपसून रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मी मांडीवरचं पातेलं खाली ठेवलं. इतका वेळ ते तसंच होतं, आणि मांडी भाजली आहे हे मला तेव्हा समजलं.

नाना मात्र तसेच बसले होते. त्यांना मूळ गोष्टीचं उत्तर मिळालं नव्हतं.

आबांनी हात धुतले, उपरण्यानं पुसले आणि सावकाश पानाच्या जागी येऊन बसले. "तुमी गप बठता ते माले कधी समजतं नही," ते म्हणाले. "मी भरीत खायी, पान खायी गावले चालना जातू. सोयरीक मोडाले तयार व्हयनात, पन मन्हा तोंडमाईन घास काढा." त्यांनी दोन बोटं पुढं केली, एक मोडणारी सोयरीक, दुसरा काढून घेतलेला घास. "याही, भरीत उरनं का?"

याही म्हणजे व्याही. इतका वेळ नुसतं नाना होतं.

नाना कपाळावरचा चष्मा उतरवून तो धोतराला पुसत बसले. शेवटी मीच नवं पान मांडलं, भरीत वाढलं, गरम पोळी वाढली. आबांनी घास घेतला आणि पुन्हा थबकले. का, ते सगळ्यांना कळलं. भरतात मीठ कमी होतं, आधीपासूनच. पण मागायचा आता त्यांना धीर होईना आणि द्यायचा आम्हांला. पंगतीत कोणी कोणाकडे बघेना.

तेव्हा आतलं दार उघडलं. नानांची मुलगी स्वयंपाकघरातली मिठाची वाटी घेऊन बाहेर आली आणि आबांच्या पानासमोर गुडघ्यावर बसली. सगळ्यांच्या देखत तिनं वाटीतली चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली. डोळे मिटले. गिळली. आणि मग त्यांच्या पानात वाढली.

"कसं शे, पोरी?" आबांनी विचारलं.

"खारट शे, आबा."

आबांनी पानाकडे न बघता ते भरतात कालवलं.